सिस्टरांकडचं केळवण

माझ्या केळवणाच्या दिवशी मेश्राम सिस्टरांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या हातावर वरणाची पळी मारली. हळूच मारली, पण मारली. निखिलच्या हातात गुलाबजाम होता आणि तो माझ्या तोंडापासून दोन बोटांवर येऊन ठेपला होता. सगळ्या केळवणांत होतं तेच चाललं होतं. समोर मावसबहीण मोबाइल धरून उभी, "घास भरवा, घास भरवा" असा गलका, आणि मी आ करून बसलेली.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "तिला विचारलंस?"

निखिल गोंधळला. "काय विचारायचं?"

"खायचा आहे का? आत्ता खायचा आहे का? अख्खा का अर्धा? तोंड कोणाचं आहे, बाबू?"

"तिचं."

"मग?"

निखिलने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या ओळखीच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच उत्तर आधी गृहीत न धरता प्रश्न विचारला. "मृण्मयी, देऊ?"

"नको," मी म्हटलं. "पोट फुटायला आलंय."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गुलाबजाम त्यानेच खाल्ला. सिस्टरांनी पदराला उलटं टाचलेलं घड्याळ उचलून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "एक वाजून पाच." ही त्यांची जुनी खोड. तीसेक वर्षं प्रसूतिगृहात काढलेली. मूल जन्माला आलं की नर्सने आधी घड्याळ पाहायचं आणि वेळ सांगायची. निवृत्त झाल्यावरही काही मनासारखं घडलं की त्यांचा हात घड्याळाकडे जायचा. लिफ्ट वेळेवर आली तरी आम्हाला वेळ कळायची.

"लग्नानंतर सगळं याच रीतीनं," त्या म्हणाल्या. "विचारायचं. हो म्हणाली तर हो, नको म्हणाली तर नको. काल हो म्हणाली म्हणून आज हो नाही. आणि पोरी, हे तुलाही लागू आहे बरं. त्यालाही नको म्हणता येतं." मग त्यांनी माझ्या आईसकट सगळी पाहुणेमंडळी आतल्या खोलीत पिटाळली, दार लोटून घेतलं आणि आमच्यासमोर पाट ओढून बसल्या. तोवर आम्हाला वाटत होतं की आपण जेवायला आलोय.

सिस्टर कात्रजला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. गेल्या वर्षी त्या मुलाकडे मांजरीला गेल्या. पुण्यात कात्रजहून मांजरी म्हणजे जवळजवळ परदेश, त्यामुळे फोन होतात, भेटी होत नाहीत. त्यांच्या दारात आता नव्या भाडेकरूंचं चपलांचं कपाट आहे. ते दिसलं की मला सिस्टरांचं पेटंट वाक्य आठवतं. धड्याच्या सुरुवातीला त्या विचारायच्या, "चपला बाहेर काढल्या नं? मग लाजही तिथंच ठेवायची. जाताना घालून जा, माझी काही हरकत नाही."

मूळच्या त्या वर्ध्याकडच्या. नोकरीसाठी पुण्यात आल्या आणि पुण्याला त्यांनी पाहुण्याच्या डोळ्यांनी नीट न्याहाळून घेतलं. "तुमच्या पुण्याची एक गोष्ट मला मनापासून आवडते," त्या म्हणायच्या, "हे केळवण. लग्न ठरलं की नातेवाईक, शेजारी, जो तो दोघांना जेवायला बोलावतो. दोघं शेजारी बसलेले, हात खरकटे, मोबाइल धरता येत नाही, आणि भरल्या ताटावरून उठता येत नाही. इतकी शहाणी जागा सापडते का कुठं? आणि तुम्ही लोक तिथं काय करता, तर फोटो काढता!"

म्हणून त्यांनी केळवणं करायला घेतली. आधी बिल्डिंगमधली, मग ओळखीच्यांची, मग ओळखीच्यांच्या ओळखीची. जेवण अस्सल विदर्भाकडचं. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा इतका झणझणीत की मुलामुलींच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते लाजेचं की तिखटाचं हे कोणालाच कळायचं नाही. "त्याच्यासाठीच तिखट करते," सिस्टर एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. मीठ त्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजायच्या.

दोन पाटांच्या मधोमध रांगोळी असायची. आमच्या केळवणाला माझी आई आल्याआल्या म्हणाली होती, "काय सुरेख फूल काढलंय हो!" ते फूल नव्हतं. सिस्टर पळीच्या दांड्याने एकेक भाग दाखवू लागल्या. हे गर्भाशय, छोट्या पेरूएवढं. या दोन बाजूंना गेलेल्या बीजवाहिन्या. त्यांच्या टोकांशी हे दोन टिपके म्हणजे बीजांडकोश, बदामाएवढे. महिन्याला साधारण एक बीज सुटतं आणि जेमतेम दिवसभर वाट पाहतं. पुरुषाचं बीज मात्र आत पाच-पाच दिवस मुक्काम ठोकू शकतं, तेव्हा 'आज काही होत नाही' असल्या अंदाजांवर संसार सोडायचा नाही. गर्भाशय दर महिन्याला बाळासाठी अंथरूण घालतं. बाळ आलं नाही की ते आवरून टाकतं, ती पाळी. त्यात विटाळ कुठे आला?

निखिलच्या बाजूला दुसरी छोटी रांगोळी होती, पुरुषाची. "तुझंही आहे बाबू, घाबरू नको."

मी कॉलेजात भूगोल शिकवते. कृष्णेला कोणती नदी कुठे मिळते ते मला झोपेत विचारा. आणि माझ्याच शरीराचा नकाशा मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कात्रजला पाटावर बसून पहिल्यांदा नीट पाहत होते. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला भयंकर मजा वाटत होती. दहावीच्या बाईंनी 'हा धडा घरी वाचा' म्हणून सोडलेला तो धडा अखेर कोणीतरी शिकवत होतं, तेही रस्सा वाढता वाढता!

मग मिसळणाचा डबा आला. आमच्याकडे त्या डब्यात जिरं, मोहरी, हळद असते. सिस्टरांच्या त्या डब्यात एका वाटीत गोळ्या, एका वाटीत कंडोम, एका वाटीत तांबी, म्हणजे कॉपर-टी, असं सगळं मांडलेलं. कोणतं कशासाठी, कोणाला चालतं, कोणाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, हे त्यांनी फोडणी शिकवावी तितक्या सहज सांगितलं. रक्ताच्या तपासण्या दोघांनी करायच्या, थॅलसेमियाची आणि एचआयव्हीचीही, आणि एकमेकांचे कागद एकमेकांनी पाहायचे. "पहिल्या रात्री काही झालं नाही तरी आभाळ कोसळत नाही. दमलात तर झोपा. दुखलं तर बोला. भीती वाटली तर तेही बोला."

शेवटी नियम होता, प्रश्न नाही तर पान नाही. प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचाच. निखिलने त्या दिवशी मान खाली घालून जो प्रश्न विचारला तो मी सांगणार नाही. पण त्या प्रश्नानंतर मला तो जास्त आवडायला लागला.

लग्न झाल्यावर आम्ही योगायोगाने त्यांच्याच समोर राहायला आलो आणि मी त्यांची मदतनीस झाले. पोळ्या लाटायच्या, पाहुण्यांना आतल्या खोलीत गप्पांत गुंतवून ठेवायचं, एवढंच माझं काम. तिथून मी जे पाहिलं त्यातली दोन केळवणं विसरता येत नाहीत.

एक मांजरीच्या बाजूच्या मुलाचं. घरचा ऊस, मुलगा शिकलेला, गोरापान आणि मुका. मुकेपणाचं कारण त्याच्याबरोबर आलेली त्याची आई. तिने बसल्याबसल्या होणाऱ्या सुनेकडे बघून जाहीर केलं, "आमच्यात पयला पोरगाच लागतो. माझ्या थोरलीनं दोन पोरी दिल्या, आता हिच्यावर भिस्त हाय."

मला वाटलं आता पळी पडणार. पण सिस्टर गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आत नका जाऊ. इथंच बसा." त्यांनी दोन वाट्या आणल्या. मुलीच्या वाटीत नुसते शेंगदाणे. मुलाच्या वाटीत निम्मे शेंगदाणे, निम्मे फुटाणे. "डोळे मिटून दोघांनी एकेक काढा. दोन्ही शेंगदाणे आले तर मुलगी. एक शेंगदाणा, एक फुटाणा, तर मुलगा. आई, तुम्ही राखण करा, लबाडी नको."

खेळ सुरू झाला. पहिल्यांदा मुलगी, मग मुलगा, मग सलग दोनदा मुलगी. मुलाची आई आधी हसत होती, मग पुढे सरकून बसली, मग तिने सुनेच्या वाटीत बोटं घालून वाटी पार तळापर्यंत ढवळली. एक फुटाणा नाही. मग तिने लेकाच्या वाटीकडे पाहिलं.

"आता गं बया," ती म्हणाली, "म्हंजी फुटाणं समदं ह्याच्याच वाटीत हाय व्हय?"

"त्याच्याच. आणि कोणता उचलायचा ते त्याच्याही हातात नाही."

बाईंनी दोन्ही वाट्या शेजारी सरकवून ठेवल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी थोरलीला लई बोलले ओ." आणि तिथूनच त्यांनी थोरल्या सुनेला फोन लावला. पलीकडे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण बाई फोनवर तीनदा "चुकलं माझं" म्हणाल्या. सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. "दोन वाजायला दहा."

दुसरी गोष्ट लिमये काकूंची. लिमये काकू तळमजल्यावरच्या, वय पंचाहत्तरीकडे, सोसायटीतल्या कोणाच्याही झाडाला कोणी किती पाणी घातलं यावर त्यांचं मत असायचं. एकदा त्या कुणाच्याशा केळवणाला आतल्या खोलीत बसल्या होत्या. निघताना त्यांना रांगोळी दिसली. "वेल छान आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'छान' ऐकणं म्हणजे सणच. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि दिवाळीत सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत, मुख्य दरवाजासमोर, पाच फूट रुंद गर्भाशय काढलं. गुलाबी आणि मोरपंखी रंग भरून. बीजवाहिन्यांना पानं फुटलेली, बीजांडकोशांवर एकेक पणती. परीक्षक मेश्राम सिस्टर. पहिलं बक्षीस अर्थात लिमये काकूंना मिळालं. मी मात्र हसू आवरायला जिन्यात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला घेऊन काकूंकडे गेल्या आणि त्यांनी खरं काय ते सांगितलं. काकूंचा चेहरा हलला नाही.

"आपण परीक्षक होतात," त्या म्हणाल्या. "तेव्हाच सांगायचंत."

"बक्षीस चुकीचं नाही दिलं. आकृती अगदी बिनचूक होती."

आता आपल्याला चहाही न देता घालवणार, अशी माझी खात्री झाली. पण त्या उठल्या, चाळिशी लावली आणि आम्हाला बाहेर त्यांच्या रांगोळीपाशी घेऊन गेल्या. सकाळच्या झाडलोटीत अर्धी पुसली गेली होती, पण मधली आकृती शाबूत होती. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "चाळिशीत माझं ऑपरेशन झालं. पिशवी काढली म्हणाले. यातलं माझं काय काढलं हो?"

सिस्टर एरवी 'पिशवी' शब्दावर भडकायच्या. पिशवी मंडईत न्यायची, असं म्हणायच्या. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. खाली बसून त्यांनी तळहाताने मधला पेरूसारखा भाग अलगद पुसला. "हे. बहुतेक एवढंच. हे दोन्ही बाजूचे बीजांडकोश असतील अजून. कागद असतील तर दाखवा, नक्की सांगते."

"पस्तीस वर्षं झाली," लिमये काकू म्हणाल्या. "ह्यांना विचारायची चोरी, डॉक्टरांना विचारायची भीती. मला वाटायचं आत सगळं मोकळं झालंय." त्या पणत्या ठेवलेल्या दोन टिपक्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात मला म्हणाल्या, "तू काय बघतेस? चहा टाक जा." पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या नातवाला केळवणाला हाताला धरून आणला.

एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या घरात एक केळवण राहून गेलं होतं आणि तेच त्यांना आतून खात होतं. त्यांचा मुलगा प्रशांत खराडीला कंपनीत होता, मांजरीला एकटा राहायचा. दर रविवारी यायचा, आईची औषधं लावून द्यायचा. पण केळवण असलं की रविवारीही यायचा नाही. मला वाटायचं त्याला आईच्या उद्योगांची लाज वाटते. एकदा जिन्यात मी त्याला थट्टेत तसं म्हटलं.

"लाज?" तो म्हणाला. "ती सगळ्या पुण्याला सांगते. मला नाही सांगितलं."

मग मला सिस्टरांनीच सांगितलं. प्रशांतचं पहिलं लग्न अकरा महिने टिकलं. भांडण नाही, मारहाण नाही, आरडाओरडा नाही. दोन चांगली माणसं एका घरात हळूहळू दोन खोल्यांत राहायला लागली. काय बिनसलंय ते त्यांनी ना एकमेकांना सांगितलं, ना आणखी कुणाला. घटस्फोटानंतर रेवती, ती सून, सिस्टरांच्या पाया पडायला आली होती. जाताना दारात म्हणाली, "आई, आम्हाला दोघांनाही काही माहीत नव्हतं. विचारायचं कसं तेही माहीत नव्हतं. तुम्ही तर नर्स होतात ना?"

"इतक्या बायकांची बाळंतपणं केली मी," सिस्टर मला म्हणाल्या. "परक्याच्या पोरीला सगळं सांगायची. आणि माझ्या पोराच्या लग्नात मी काय केलं? बस्ता, पंगत, मानपान. तेवढं एक बोलायला माझी जीभ उचलली नाही. आईनं कसं बोलावं, म्हणून." त्या पुढच्याच वर्षीपासून त्यांनी लोकांची केळवणं सुरू केली होती.

दोन वर्षांपूर्वी प्रशांतचं लग्न पुन्हा ठरलं. तो चाळिशीला टेकलेला. मुलगी वैशाली, शाळेत गणित शिकवणारी, चष्म्यातून थेट बघणारी. सिस्टरांनी त्याला घरचं केळवण करते म्हणून विचारलं. तो म्हणाला, "राहू दे आई. आता कशाला?" त्या रविवारी सिस्टरांनी मिसळणाचा डबा फळीवर सगळ्यात मागे ढकलून दिला. ते पाहून मला राहवलं नाही. मी प्रशांतला फोन केला. केळवण माझ्याकडे आहे, पण रांगोळी तुझी आई काढणार आहे, आणि रांगोळी कशाची असते ते तुला ठाऊक आहे, असं लपवाछपवी न करता सांगितलं.

"पाटोडी असेल?" त्याने शेवटी विचारलं.

दोघं आले. पाटावर बसले. सिस्टर सकाळपासून माझ्या घरात वावरत होत्या, पण एक अक्षर बोलत नव्हत्या. मला वाटलं, दोन घास झाले की सुरू होतील. त्या सुरू होईनात. रस्सा वाढला. पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा वाढायला वाकल्या तेव्हा प्रशांतच्या वाटीत जागाही नव्हती. चपलांचा प्रश्न नाही, घासाची परीक्षा नाही. लिफ्टमध्ये चारचौघांत 'गर्भाशय' म्हणणारी बाई पोटच्या पोरासमोर मान खाली घालून पळी धरून उभी होती. बारा वर्षांपूर्वी पहिल्या लग्नाच्या वेळी जे झालं तेच पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. आपणच बोलावं का, असं मनात आलं, पण निखिलने माझा हात धरून ठेवला.

वैशालीने चष्मा वर सरकवला. "आई," ती म्हणाली, "या रांगोळीत काहीतरी राहिलंय."

सगळ्यांनी पाहिलं. गर्भाशय होतं, बीजवाहिन्या होत्या, टोकांना काही नव्हतं. इतक्या वेळा काढलेली रांगोळी, आणि सिस्टर दोन टिपके विसरल्या होत्या.

"चुकलं बाप्पा," सिस्टर पुटपुटल्या. त्या खाली बसल्या, चिमटीत रांगोळी घेतली. एक टिपका पडला, थोडा तिरका. दुसऱ्यासाठी चिमूट उचलली, ती वाटेतच सांडली.

प्रशांतने डावा हात पुढे केला. "आई, दुसरा मी काढू?"

सिस्टरांनी मान वर केली. किती जणांना त्यांनी असं विचारायला शिकवलं होतं!

"काढ," त्या म्हणाल्या.

त्याने नीट, गोल टिपका काढला. मग बोटं झटकून मांडी सारखी करून बसला. "आता सांग. पहिल्यापासून सांग. मला काही माहीत नाही असं समज."

मी निखिलला खूण केली. आम्ही आतल्या खोलीकडे निघालो. दाराशी पोचले तेव्हा सिस्टरांनी पदरावरचं घड्याळ उचलून डोळ्यांसमोर धरलेलं होतं, आणि त्या ते जवळ नेत होत्या, लांब नेत होत्या. त्यांना आकडे दिसत नव्हते.

"मृण्मयी," त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती वाजले गं?"

"एक वाजून वीस," मी म्हटलं, आणि दार लोटून घेतलं.